बंदराची वेस कल्याणपर्यंत

नोव्हेंबर 2021 मध्ये जहाजावर नोकरी करणारा एक तरुण केप टाऊनहून दुबई आणि दिल्लीमार्गे मुंबईला उतरला आणि डोंबिवलीच्या घरी आला. अंगात थोडा ताप होता, बाकी फारसं काही नाही. 4 डिसेंबरला अहवाल आला. कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार! महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण. कल्याण-डोंबिवली महापालिकेने त्याला आपल्या केंद्रात ठेवलं, त्याच्या जवळच्या माणसांच्या चाचण्या केल्या. कुणालाही लागण निघाली नाही आणि काही दिवसांत तो बरा होऊन घरीही गेला.

बातमी तेवढ्यावर संपली. पण नोकरी जहाजावरची असली तरी हा माणूस कुठल्याही गोदीतून आत आला नव्हता. जहाजांवरून येणारे रोग रोखण्याची जगभरातली जुनी व्यवस्था बंदराच्या दारावर उभी आहे, आणि खलाशी आता विमानातून घरी येतात.

ही व्यवस्था मुळात वेळेच्या हिशेबावर चालत असे. 1377 मध्ये आजच्या क्रोएशियातल्या रगुसा, म्हणजे दुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर थांबवायचा नियम केला. रोग अंगात असेल तर तेवढ्यात तो उघडा पडेल, हा त्यामागचा विचार. शिडाच्या जहाजांच्या काळात अर्धी परीक्षा समुद्रावरच होऊन जाई. प्रवासच इतका लांबे की आजारी माणूस किनारा दिसण्याआधी आजारी पडलेला असे. वाफेच्या बोटी आल्या, 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि हा हिशेब बिघडत गेला.

मुंबईला त्याचा जबर फटका बसला तो 1896 मध्ये. मांडवीच्या गोदीलगतच्या वखारींत आधी उंदीर मरू लागले, मग माणसं. 23 सप्टेंबरला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. ज्यांचा पुतळा आज मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे, तेच हे गोव्याचे डॉक्टर. रोग हाँगकाँगकडून जहाजाने आला असावा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. निघायचं कसं? बोटीने कोकणात, नाहीतर जी.आय.पी. रेल्वेने ठाणे-कल्याणमार्गे घाटावर.

कल्याण हा मोक्याचा नाका होता. एक लोहमार्ग बोरघाटातून पुण्याकडे जातो, दुसरा थळघाटातून नाशिककडे, आणि दोन्ही फुटतात कल्याणला. साहजिकच तपासणीची चौकी इथे बसली. प्रवाशांना गाडीतून उतरवून फलाटावर उभं करायचं, ताप बघायचा, काखेत आणि जांघेत गाठ चाचपायची. संशय आला की रवानगी तपासणी छावणीत. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला आणि या सगळ्याला बळ मिळालं. मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी राज्य सरकारने हाती घेतला तो हाच कायदा. बंदरातून सुटणाऱ्या बोटींवरही डॉक्टर चढू लागले, आणि 1897 मध्ये मुंबईहून हजला जाणाऱ्यांची यात्रा बंद ठेवली गेली. त्याच वर्षी व्हेनिसला अनेक देशांची परिषद भरली, तिचा विषयच प्लेग होता. मुंबईची गोदी जगाच्या चिंतेचा विषय झाली होती.

एवढं करूनही प्लेग थांबला नाही. तो पुण्याला गेला, कराचीला गेला. लोकांना मनस्ताप झाला तो वेगळाच. बायकांच्या अंगाला परके हात लागतात या संतापाने किती मनं पेटली, ते पुण्याच्या 1897 च्या इतिहासात आहेच. चूक कडकपणात नव्हती, नेमात होती. तपासली जात होती माणसं आणि रोग फिरत होता उंदरांच्या पिसवांतून, धान्याच्या पोत्यांबरोबर. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत पिसवांचा हा दुवा दाखवून दिला, तेव्हा अनेकांनी तो हसण्यावारी नेला. माणसांसाठी दार लावलं होतं आणि उंदरांसाठी मोरी उघडी होती.

आज बंदरात जे चालतं, त्यात या चुकीची आठवण दिसते. जहाजाच्या दोरखंडांवर गोल पत्र्याच्या तबकड्या बसवतात, उंदराने दोरावरून धक्क्यावर उतरू नये म्हणून. मुंबई बंदर असो की न्हावा-शेवा, परदेशातून येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागतं: वाटेत कुणी दगावलं का, कुणाला ताप आहे का, डॉक्टरला दाखवलं का. बंदर आरोग्य अधिकाऱ्याने मोकळीक दिल्याशिवाय माणसं उतरत नाहीत, माल हलत नाही. मोकळीक मागणाऱ्या जहाजावर पिवळा झेंडा लागतो. स्वयंपाकघर, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, कोठारं, सांडपाणी तपासून स्वच्छतेचा दाखला मिळतो आणि तो सहा महिने चालतो. 2007 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांची ही चौकट आहे. बंदराच्या आवाराभोवती चारशे मीटरपर्यंत डासांची पैदास होऊ द्यायची नाही, हाही दंडक त्यातलाच.

डासांचं नाव निघालं की पीतज्वराचा विषय टळत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या या रोगाचा विषाणू भारतात रुजलेला नाही, पण त्याला वाहून नेणारा एडिस डास इथे घरोघर आहे. डेंग्यू पसरवतो तोच. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड लागतं, लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घेतलेली लागते, नाहीतर सहा दिवसांपर्यंत वेगळं राहावं लागतं. 2016 पासून ही एकच लस जन्मभर चालते, त्यामुळे खलाशाने ते कार्ड पासपोर्टइतकंच जपून ठेवावं.

मालाचं काय? न्हावा-शेव्याला उतरलेले कंटेनर मुंब्र्यावरून भिवंडीच्या गोदामांत येऊन उघडतात. 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला एडिसची आशियाई जात पसरलेली आढळली. आयात केलेल्या जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून ती आली, असं तज्ज्ञांचं मत आहे. बंदराभोवतीचे चारशे मीटर भिवंडीच्या गोदामात कामाला येत नाहीत. ठाणे, कल्याण आणि भिवंडीच्या महापालिकांचे कीटक नियंत्रण विभाग उघड्यावरच्या टायरांवर आणि पाण्याच्या पिंपांवर हात चालवतात, ते बंदर रक्षणाचंच काम आहे, जरी त्याला कुणी तसं म्हणत नसलं तरी.

डोंबिवली, ठाण्यात जहाजावर जाणाऱ्यांची घरं आहेत. अशा घरात कुणी साइन ऑफ करून, म्हणजे जहाजावरची मुदत संपवून, परतलं आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप भरला, तर तो अंगावर काढू नये. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेला मलेरिया घरी पोचल्यावरही उसळतो आणि उशीर झाला तर जीव घेतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य तापाचं नको. कुठल्या बंदरातून आलो, कधी आलो, हे आधी सांगा.