वाड्यातलं सागवान आणि सातपूरची खोकी

थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी सातपूरमधून फिरायला निघालं, की कारखान्यांच्या फाटकांपाशी शेकोट्या दिसतात. रात्रपाळी संपवून निघालेले कामगार, पहारेकरी, चहाच्या टपरीवरची पोरं हात शेकत उभी असतात. शेकोटीत जळत असतं ते यंत्रांबरोबर आलेल्या खोक्यांचं लाकूड. (खोकी म्हणजे खरीखुरी खोकी बरं का, राजकारणातली नव्हेत!) त्यातल्या काही फळ्या परदेशी पाइनच्या असतात. समुद्र ओलांडून एक झाड इथवर येतं आणि दहा मिनिटांत त्याची राख होते. त्या उबेला मीही हात लावलेला आहे, म्हणून तक्रार करत नाही. पण त्या निमित्तानं लाकूड आणि घर यांच्याविषयी थोडं बोलावंसं वाटतं.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन आपल्या खोडात साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. लाकूड जाळलं किंवा कुजलं, की तो पुन्हा हवेत जातो. तेच लाकूड तुळई होऊन घराच्या माथ्यावर बसलं, तर घर उभं असेपर्यंत तो कार्बन तिथंच राहतो. आठ इंची चौरस, बारा फूट लांब अशी सागाची तुळई घ्या. तिचं वजन शंभर किलोच्या आसपास भरेल. म्हणजे पन्नास किलो कार्बन, आणि हवेतल्या वायूच्या हिशेबानं सुमारे १८० किलो कार्बन डायऑक्साइड.

सिमेंटचं गणित नेमकं उलट. चुनखडी भट्टीत चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा कोळशाचा धूर तर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे भट्टी उद्या उन्हावर चालवली, तरी हा दुसरा भाग टळत नाही. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. आपल्याकडच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे ढोबळमानानं ३० किलो धरा. आमच्या त्या एका तुळईत सहा पोत्यांचा धूर कोंडलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

नाशिकला हे लाकूड काही नवं नाही. सराफ बाजारातला सरकारवाडा पाहा, किंवा जुन्या नाशकात, पंचवटीत उरलेले वाडे पाहा. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. भिंती विटामातीच्या, पण भार पेलायचा तो लाकडाच्या सांगाड्यानं. तळखडा शोभेसाठी नसतो. खांबाचा पाय जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून वर राहावा, म्हणून तो दगड. आणि जोड पाहाल, तर खाचेत कुसू बसवलेला, खिळ्यांचं काम फार कमी. जे खिळ्याशिवाय जोडलं, ते न मोडता सोडवताही येतं. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

हे शहाणपण मला उशिरा आलं. जुन्या नाशकातलं आमचं घर वाडा म्हणण्याइतकं मोठं नव्हतं. दोन मजले, सहा खांब. अब्बा गेल्यानंतर आम्ही भावंडांनी ते पाडायचं ठरवलं. कागदावर माझीही सही आहे. जेसीबी आला आणि दीड दिवसात सारं भुईसपाट झालं. तुळया मधोमध मोडल्या. धडके तेवढे वखारवाल्यानं घनफुटाच्या भावानं नेले, बाकीचे तुकडे मोहल्ल्यातल्या बंबांत गेले. चाचींनी एक वाक्य ऐकवलं, ‘‘तुझ्या दादांनी एकेक खांब बैलगाडीतून आणला होता, बेटा.’’ त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

लाकडाला आग लागते, हा आक्षेप खराच. पुण्याचा शनिवारवाडा १८२८मध्ये जळाला, त्याचं जोतं आणि तट तेवढे आज दिसतात. पण जाड तुळई काडीसारखी भडकत नाही. बाहेरून मिनिटाला मिलिमीटरभरही जळत नाही, आणि वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला झाकतो. या भरवशावर नॉर्वेत २०१९मध्ये मोसा सरोवराकाठी अठरा मजली, ८५ मीटर उंच इमारत लाकडात उभी राहिली. फळ्या आणि पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या भल्याथोरल्या तुळया तिला आहेत. वरच्या सात मजल्यांना मात्र काँक्रीटची जमीन घातली. इमारत हलकी पडून वाऱ्यात झुलू नये म्हणून!

मग आपणही सागाची झाडं तोडायला निघायचं का? इथं मला थांबावंसं वाटतं. इंग्रजांनी १८४०च्या दशकात सुरगाण्यापलीकडची डांगची जंगलं भिल्ल राजांकडून पट्ट्यानं घेतली, ती सागासाठीच. जंगल सरकारचं झालं आणि त्यात राहणारा आदिवासी चोर ठरला. लाकडाचा हा हिशेब कार्बनच्या कोष्टकात कुठेच येत नाही. जंगलं वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं होतं. २०२०मध्ये ती बंदी उठली, ती शेतातल्या लागवडीच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळावं या विचारानं. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढलं, तरच हवेचा फायदा. साग पुरता व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. एवढा धीर कोणाकडे आहे?

म्हणून नाशिकपुरतं माझं मत असं, की आधी तोडलेलं लाकूड आधी वापरावं. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. पाडणं टळत नसेल, तर जेसीबीच्या आधी सुताराला बोलवा. वरून खाली उतरायचं : पत्रे, वासे, कडीपाट, तुळई, शेवटी खांब. प्रत्येकावर खडूनं आकडा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बहुधा ओलीनं सडलेलं असतं. पटाशी टोचून पाहायची आणि मऊ लागेल तेवढंच कापायचं. खिळे मात्र नीट काढा, नाहीतर वखारीतली करवत तुटते आणि मिस्त्री पुन्हा दारात उभा करत नाही. पाया आणि न्हाणीघर सिमेंटचंच करावं लागेल. पण माळा, जिना, चौकटी, वरची खोली जुन्या सागात होते.

आणि सातपूरच्या खोक्यांचं म्हणाल, तर त्यांतूनही मांडण्या, बाकं, पोटमाळे होतात. आमच्या गल्लीत झालेले आहेत. फळी घेताना तिच्यावरचा शिक्का तेवढा पाहावा. परदेशी मालाच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखी खूण असते. शेजारी ‘एचटी’ अक्षरं असली, तर ते लाकूड कीड मारण्यासाठी नुसतं तापवलेलं आहे, खुशाल घ्या. ‘एमबी’ असेल, तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, आणि शेकोटीतही घालू नका.