भाताच्या रोगाचा फोटो कसा धाडावा?



मुळशीच्या दमट, ढगाळ हवेत भातावर करपा लवकर येतो. पण "पान करपलंय" एवढाच निरोप आला तर निदान होत नाही. करप्याचा ठिपका होडीसारखा, मधे राखाडी, कडेला तपकिरी. हा बुरशीचा रोग. कडा करप्यात पान टोकाकडून कडेकडेने पिवळं पडतं. हा जिवाणूंचा, त्यावर बुरशीनाशकाचा पैसा वाया जातो.

म्हणून मोबाईलवरून तीन फोटो धाडा: सबंध खाचर, एक चूड आणि सावलीत धरलेलं एक पान, अगदी जवळून. सोबत भाताची जात, लावणीची तारीख, दिलेलं खत व केलेली फवारणी लिहा. उत्तर येईपर्यंत युरिया टाकू नका.