राबणाऱ्या यंत्रांचा अल्बम

कृष्णाकाठच्या जुन्या घरांत, सोप्यातल्या भिंतीवर एक फोटो हमखास दिसतो. नवाकोरा ट्रॅक्टर, बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे बांधलेलं लिंबू-मिरची, स्टीअरिंगवर घरातला कर्ता माणूस आणि मडगार्डवर पोरंटोरं. वाळवा असो, पलूस असो की कराड, फोटोची मांडणी बहुतेक तीच. हाच ट्रॅक्टर पुढे वीस-पंचवीस वर्षं ज्या रानात राबला, तिथला फोटो मागितला तर मात्र सहसा काही हाती लागत नाही. सातारा-सांगली भागातल्या शेतीच्या यंत्रयुगाला शंभराहून अधिक वर्षं झाली. त्याची जी छायाचित्रं घरोघरी उरली, ती खरेदीच्या दिवसाची. घामाच्या दिवसांची फार थोडी.

या यंत्रयुगाची सुरुवात चित्राशी जवळचं नातं असलेल्या माणसांमध्ये झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापण्याचं यंत्र आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. भवानराव स्वतः चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींची बाजू पाहणारे शंकरराव किर्लोस्करही चित्रकला शिकलेले. त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली आणि तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगर, चरक, कडबाकुट्टी ही अवजारं नजरेला कशी दिसतात, याचा विचार या माळावर फार लवकर झाला.

ट्रॅक्टर यायला मात्र आणखी अर्धं शतक गेलं. आयशरचा भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला, स्वराज १९७४ मध्ये आला. तोवर कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली होती. रेठरे, यशवंतनगर, साखराळे, सांगली इथल्या कारखान्यांना ऊस हवा होता आणि ऊस म्हणजे खोल नांगरट, सऱ्या, भरणी आणि वाहतूक. ट्रॅक्टरला वर्षभर काम मिळालं, ते उसामुळे.

त्या काळातले फोटो का नाहीत, याचं कारण साधं आहे. गावच्या स्टुडिओवाल्याकडे १२० चा फिल्म रोल असायचा आणि चौकोनी फ्रेमच्या कॅमेऱ्यात त्यावर बारा फोटो निघायचे. लग्न, बारसं, यात्रा, निवडणुकीची मिरवणूक यांतून उरलेली एखादी फ्रेम नांगरटीवर कोण घालवणार? शिवाय रोज दिसणाऱ्या कामाचा फोटो काढायचा असतो, हेच कोणाला वाटत नव्हतं.

अमेरिकेत हे काम सरकारनंच करून घेतलं. १९३०च्या दशकातल्या मंदीत फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं छायाचित्रकारांना खेडोपाडी पाठवलं. त्यांतल्या डोरोथिया लँग यांनी १९३८ मध्ये टेक्ससच्या चिल्ड्रेस काउंटीत एक फोटो टिपला : ट्रॅक्टरनं ओढलेल्या सऱ्या ओस पडलेल्या घराच्या अगदी पायरीपर्यंत आलेल्या आहेत. चित्रात ट्रॅक्टर कुठेच नाही, पण कुळांचं काय झालं ते त्या सऱ्या सांगतात. यंत्र आल्यावर काय गेलं, हे शोधणारी ही नजर आपल्याकडच्या कॅमेऱ्यांनाही हवी होती. इथे यंत्रानं आधी दावणीचा बैल हलवला. मग मोट गेली, खळं गेलं, मळणीची तिवडा-पात गेली. हा सगळा बदल दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत झाला, आणि तो मुख्यतः आठवणींत राहिला.

डिजिटल कॅमेरा आणि मग मोबाइल आल्यावर चित्र पालटलं. आता या दोन जिल्ह्यांत यंत्रांचं वर्ष महिन्यामागून महिना टिपता येतं. मे महिन्यात पलटी नांगरामागे ढेकळं उलथतात आणि बगळे मागोमाग चालतात. जूनमध्ये सोयाबीनची पेरणी. जुलै-ऑगस्टला आडसाली उसाच्या सऱ्या. त्याच वेळी पश्चिमेला पाटण-जावळीच्या उतारावर, जिथे मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, तिथल्या खाचरांत पॉवर टिलर चिखलणी करतो आणि चालवणारा गुडघाभर चिखलात असतो. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची मळणी सुरू होते आणि तासगावकडे द्राक्षांची फळछाटणी. मग बागेत ओळीतून छोटा ट्रॅक्टर शिरतो आणि मागचा ब्लोअर वेलींवर औषधाचं धुकं सोडतो. सकाळचं कोवळं ऊन समोरून आलं तर त्या धुक्याचा थेंबन् थेंब दिसतो. चालकाच्या तोंडावर मास्क आहे की नुसता टॉवेल, तेही दिसतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीचा हंगाम. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद शिजते कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. पूर्वी रानातच चुलवण पेटायचं, त्यावर काहील चढायची आणि ओले गड्डे पाला-पोत्यांखाली शिजायचे. आता वाफेवरचा कुकर ट्रॅक्टरमागून थेट बांधावर येतो. ड्रमचं झाकण उघडलं की वाफेचा लोट उठतो आणि पिवळी रास खाली ओतली जाते. वाळल्यावर पॉलिशचा ड्रम फिरू लागतो. आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, जाळीतून पिवळी धूळ गळते आणि पाहता पाहता मजुरांच्या भुवया, ट्रॅक्टरचं चाक, बांधावरचं गवत सगळं एकाच रंगाचं होतं. इथे फोटो काढणारा लेन्सला प्लॅस्टिक गुंडाळतो आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहतो.

चालत्या यंत्राचा फोटो म्हणजे वेळेचा हिशेब. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणारा दांडा, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शटर एक हजारांश सेकंद उघडलं तर तेवढ्या वेळात शाफ्ट जेमतेम तीन अंश सरकतो आणि फोटोत यंत्र बंद पडल्यासारखं दिसतं. तेच शटर साठांश सेकंद उघडं राहिलं तर तो चोपन्न अंश फिरतो, आणि गती फोटोत उतरते. हा शाफ्ट अनेक ठिकाणी उघडाच असतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी त्यात अडकली तर माणूस ओढला जातो. म्हणून छायाचित्रकारानं लांबूनच काम करावं आणि शाफ्टवर झाकण नसेल तर ते फोटोत स्पष्ट दिसू द्यावं. चकचकीत जाहिरातीत जे येत नाही, ते नोंदीत यायला हवं.

पूर्वेकडच्या माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात यंत्रांची ओळखच वेगळी, पाणी अडवण्याच्या कामांची. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्यातला कोरेगाव होता आणि पहिला क्रमांक त्याच तालुक्यातल्या वेळू गावानं मिळवला. त्या उन्हाळ्यात एकीकडे टिकाव-फावड्यांचं श्रमदान आणि दुसरीकडे पोकलेन. तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या नदीकाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माणसं, जनावरं, दुधाचे कॅन आणि भिजलेले संसार बाहेर काढावे लागले. त्या पुरात घरांसोबत घरातले अल्बमही बुडाले.

सध्याचा सगळ्यांत मोठा बदल उसाच्या फडात दिसतो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मिळेनाशा झाल्या तसे हार्वेस्टर वाढले. हार्वेस्टरला रुंद सरी लागते. पूर्वी तीन-साडेतीन फुटांवर असलेली लागण साडेचार-पाच फुटांवर गेली, ती बरीचशी याच यंत्रासाठी. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला, तर ओळींमधलं अंतर पाहूनच कोणत्या काळातला फड आहे ते कळतं. जुन्या फोटोत मोळ्या, कोयते, पाचटाच्या खोपी आणि बैलगाड्यांची रांग. नव्यात ऊस कांड्या होऊन ट्रॉलीत पडतो आणि शिवारात दोन-चारच माणसं.

तरुण पोरं हे सगळं रोज टिपतात. उसाच्या शेवटच्या खेपेची सजवलेली ट्रॉली, गुलाल, स्पीकर, यात्रेतल्या ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा यांचे रील्स हजारो लोक पाहतात. त्यांच्या हातांत आजवरचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे, फक्त त्यावर तारीख, गाव, पीक आणि माणसाचं नाव नाही. ते लिहिणं अवघड नाही. प्रत्येक हंगामातले दहा-बारा फोटो निवडावेत आणि शिवार, यंत्र, चालक, मजूर, दिवसाचा रोज, तासाचा किंवा एकराचा दर एवढी माहिती जोडून गावच्या वाचनालयात आणि महाविद्यालयात प्रत द्यावी. कोयत्यानं तोडणारी टोळी, कारखान्याच्या अड्ड्यावरच्या बैलगाड्या आणि काहिलीत शिजणारी हळद आधी टिपायला हवी, कारण ती कमी होत चालली आहे. ऊस हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी फडाच्या मालकाशी आणि टोळीच्या मुकादमाशी बोलून ठेवलं की पहिल्या तोडीपासून कॅमेरा लावता येतो.