सॅनिटायझर, फवारणीचें औषध व घरांतील सुरक्षितता

मार्च २०२० मध्यें कोरोनाची सांथ आपल्या देशांत पसरूं लागली आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या सांथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. मधल्या तीन वर्षांत जे नवे जिन्नस आपल्या खेड्यापाड्यांत शिरले, त्यांपैकीं मुखपट्टी आतां बहुतेक घरीं खुंटीवर धूळ खात पडली आहे. परंतु हात शुद्ध करण्याचें द्रव्य, ज्यास सर्वजण सॅनिटायझर म्हणतात, तें पुष्कळ घरांत राहून गेलें आहे. या द्रव्याचा उपयोग काय, त्याची मर्यादा कोठें संपते आणि तें घरांत कसें ठेवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय लहान दिसतो; परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत २०२१ सालीं घडलेल्या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे तो लहान नाहीं, हें वाचकांस पटेल.

पहिली गोष्ट घाटंजी तालुक्यांतील कापसीकोपरी येथील. ३१ जानेवारी २०२१ हा पोलिओचा डोस देण्याचा दिवस होता. त्या दिवशीं तेथें पांच वर्षांखालील बारा मुलांस पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. चूक उमगतांच मुलांस यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत नेण्यांत आलें व वेळींच उपचार मिळाल्यामुळें सर्व मुलें बचावलीं. दुसरी गोष्ट वणीची. एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेमुळें कडक निर्बंध लागू होते व दारूचीं दुकानें बंद होतीं. तेव्हां तल्लफ भागविण्याकरितां कांहीं माणसें सॅनिटायझर प्यालीं आणि त्यांतील सात जण प्राणास मुकले. वणी हें मुकुटबन व झरी जामणी तालुक्यांतील लोकांचें जवळचें मोठें गांव. तेव्हां ही कोठल्या दूरदेशची वार्ता नव्हे.

या दोन्ही गोष्टींचें मूळ आमच्या मतें एकच आहे. एके ठिकाणीं बाटली ओळखली गेली नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं बाटलींतील पदार्थ ओळखला गेला नाहीं. यांत आपल्या बोलीचाही थोडा हात आहे. तापांत घ्यावयाचें तें औषध, पऱ्हाटीवर मारावयाचें तेंही औषध, आणि सांथींत हातांस चोळावयाचें तेंही औषधच. 'दवादारू' या जोडशब्दांत तर दारू म्हणजेच औषध. नांव एक असल्यामुळें हे पदार्थ एकमेकांचे भाऊबंद वाटूं लागतात व एकाच कोनाड्यांत शेजारीं शेजारीं जाऊन बसतात. ते भाऊबंद नाहींत, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः मद्यार्क व पाणी यांचें मिश्रण. जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच्या दोन कृती दिल्या आहेत. एकींत एथिल मद्यार्क शेंकडा ८० असतो, दुसरींत आयसोप्रोपिल मद्यार्क शेंकडा ७५ असतो. दोहोंतही थोडें ग्लिसरीन व अगदीं अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. कोरोनाच्या विषाणूभोंवतीं स्निग्ध पदार्थाचें एक पातळ आवरण असतें. मद्यार्कानें तें फुटतें व विषाणू निकामी होतो. मद्यार्क शेंकडा ६० हून कमी असल्यास हें काम नीट होत नाहीं. साबणही तेंच आवरण फोडतो, आणि वर पाण्याबरोबर सर्व मळ वाहून नेतो. ज्या घरीं साबण व पाणी आहे त्या घरीं वीस सेकंद नीट चोळून धुतलेले हात सॅनिटायझर लाविलेल्या हातांपेक्षां कोणत्याही प्रकारें कमी शुद्ध नसतात. प्रवासांत, बाजारांत, दवाखान्यांत, जेथें पाणी मिळत नाहीं तेथें सॅनिटायझरचा खरा उपयोग.

येथें कोणी असें विचारील कीं, दारूंतही मद्यार्कच असतो, मग सॅनिटायझर प्याल्यानें इतकें काय बिघडतें? याचें उत्तर तीन प्रकारचें आहे. पहिलें, आपल्याकडे विकली जाणारी रम अथवा व्हिस्की घेतली तर तींत मद्यार्क शेंकडा सुमारें ४३ असतो. सॅनिटायझरमध्यें तो जवळजवळ दुप्पट. दुसरें, पुष्कळ सॅनिटायझरांत आयसोप्रोपिल जातीचा मद्यार्क असतो. तो पिण्याच्या दारूंत नसतोच. तो मेंदूस अधिक जोरानें गुंगवितो, आणि गुंगी वाढत जाऊन श्वास मंद पडतो. तिसरें व सर्वांत घातक, हलक्या अथवा बनावट मालांत मिथिल मद्यार्क असूं शकतो. यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें आणि तें डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतें. या विषाचा कावा असा कीं, त्याचा परिणाम लगेच दिसत नाहीं. बारा तास, कधीं एक दिवसही, माणूस केवळ झिंगल्यासारखा वाटतो. मग पोट दुखूं लागतें, ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढें धुकें येतें व धाप लागते. वासावरून अथवा चवीवरून हा मद्यार्क ओळखतां येत नाहीं. 'त्यानें काल घेतली, त्याला कांहीं झालें नाहीं' हा पुरावा म्हणूनच कवडीमोलाचा समजावा.

आतां शेतकऱ्याच्या नित्याच्या कामाकडे वळूं. टाळेबंदी झाली तेव्हां पुष्कळांचा कापूस अद्याप घरांत पडून होता आणि सरकारी खरेदी थांबली होती. २७ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें शेतीच्या कामांस टाळेबंदींतून सूट दिली. पुढें पेरणी झाली, निंदण झालें आणि पिकावर अळी पडतांच फवारणीही झाली. शेतीचें काम कोणत्याही वर्षीं थांबलें नाहीं. अर्थात् ज्या घरांत कीटकनाशकांचे डबे पूर्वींपासून होते त्याच घरांत सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, आणि ज्या खुंटीवर फवारणीचा रुमाल होता तेथेंच सांथीची मुखपट्टी टांगली गेली. या शेजारामुळें दोन गैरसमज उत्पन्न झालेले आहेत.

पहिला गैरसमज असा कीं, फवारणीनंतर हातांस सॅनिटायझर चोळलें म्हणजे हात शुद्ध झाले. तसें मुळींच होत नाहीं. सॅनिटायझर जंतूंस मारतें, परंतु हातावरचें कीटकनाशक तें काढून टाकीत नाहीं. चोळल्यानें तें विष हातभर पसरतें, इतकेंच. चिखलानें वा तेलानें माखलेल्या हातांवर तर त्याचा जंतूंवरही नीट परिणाम होत नाहीं. फवारणीनंतर साबण व भरपूर पाणी यांवांचून दुसरा मार्ग नाहीं.

दुसरा गैरसमज मुखपट्टीचा. कापडी मुखपट्टी खोकला व बोलणें यांबरोबर उडणारे तुषार अडविते, व तेवढ्यासाठींच ती सांथींत उपयोगी. कीटकनाशकाची वाफ तिच्यांतून सहज आंत जाते. शिवाय फवाऱ्यानें ती ओली झाली म्हणजे विषानें भिजलेलें कापडच आपण नाकातोंडाशीं धरून ठेवितों. 'एन-९५' नांवाची मुखपट्टीही बारीक कण अडविते, वाफ अडवीत नाहीं. वाफेकरितां कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यू पावले, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी व त्याहूनही उंच वाढली होती, आणि फवारा अंगावर व तोंडावर येत होता. अशा प्रसंगीं सांथींतील कापडी मुखपट्टीवर भरंवसा ठेवणें म्हणजे उघड्या तोंडानेंच फवारणी करणें होय.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांतल्या त्यांत सौम्य. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासही रंग समजतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर असा त्रिकोण नसतो. 'केवळ बाह्य उपयोगासाठीं' अशीं बारीक अक्षरें असतात, आणि तीं सालगड्यास अथवा लहान मुलास वाचतां येतीलच असें नाहीं. म्हणून ती खूण घरधन्यानेंच उत्पन्न केली पाहिजे. त्याकरितां पुढील नियम आम्ही सुचवितों.

१. सॅनिटायझर अथवा फवारणीचें औषध पाण्याच्या, शीतपेयाच्या किंवा दारूच्या बाटलींत कधींही ओतूं नये. मोठ्या कॅनमधून काढावयाचें असल्यास त्याच द्रव्याची जुनी बाटली वापरावी व तिचें लेबल शाबूत ठेवावें.

२. तिन्ही वस्तूंच्या जागा वेगळ्या असाव्यात. पोटांत घ्यावयाचीं औषधें घरांत उंच फळीवर. सॅनिटायझर मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, चुलीपासून दूर. आणि कीटकनाशकें राहत्या घराबाहेर, कुलुपांत.

३. सॅनिटायझरची वाफ पेट घेते. हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चूल, काडी, विडी यांजवळ जाऊं नये.

४. फवारणीचा रुमाल व सांथीची मुखपट्टी कधींही अदलाबदल करूं नये. फवारणीचे कपडे घरांतील कपड्यांपासून निराळे धुवावेत.

५. फवारणीच्या दिवशीं पाण्याचा पिंप व साबण शेताच्या बांधावर ठेवणें हें शेतमालकाचें काम आहे. मजुरानें तें आपल्या घरून आणावें, ही अपेक्षा योग्य नव्हे.

इतकें करूनही अपघात घडलाच तर वेळ दवडूं नये. मीठपाणी, तूप किंवा ताक पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींही घालूं नये व त्यास कुशीवर निजवावें. विष अंगावर सांडलें असल्यास कपडे काढून अंग साबणानें धुवावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली अथवा डबा लेबलासह डॉक्टरांपुढें ठेवावा. उपचार कोणता करावा हें त्या लेबलावरून ठरतें. सॅनिटायझर प्यालेला मनुष्य केवळ झोंपला आहे असें समजून त्यास सकाळपर्यंत ठेवूं नये.

एक गोष्ट मात्र नियमांत बसणारी नाहीं, ती स्वतंत्र सांगतों. वणीस जे गेले त्यांस मूर्ख म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्यास वर्षानुवर्षें रोजची दारू लागते त्याची ती एकाएकीं बंद झाली, तर हात कांपणें, झोंप उडणें, भ्रम होणें, झटके येणें असे विकार होतात. हा हट्ट नव्हे, आजार आहे. आणि त्यावर दवाखान्यांत उपचार मिळतो. पुन्हा कधीं सांथीमुळें अथवा अन्य कारणानें दुकानें बंद झालीं, तर आपल्या घरांत, आपल्या सालगड्यांत, आपल्या वावरांतील मजुरांत असा कोण आहे हें गांवांतल्या माणसांस ठाऊक असतेंच. त्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे नेलें तर बाटलीचा शोध घेण्याची पाळी त्यावर येणार नाहीं.

पुढील हंगामाच्या पहिल्या फवारणीपूर्वीं आमच्या वाचकांनीं आपल्या घरांतील व गोठ्यांतील कोनाडे एकवार पाहावेत. ज्या बाटलीवर नांव नाहीं व आंत काय आहे हें कोणी खात्रीनें सांगूं शकत नाहीं, ती विषाचीच समजून कुलुपांत ठेवावी. नाला, विहीर अथवा उघड्या जमिनींत तिच्यांतील द्रव्य ओतूं नये, व तिची विल्हेवाट कृषि विभागाच्या कर्मचाऱ्यांस विचारूनच लावावी. आणि हा लेख वाचून झाल्यावर ज्यांस वाचतां येत नाहीं अशा आपल्या माणसांस यांतील पांच नियम तोंडीं सांगावेत, एवढीच आमची विनंती आहे.