परीक्षेची सवलत आणि उरलेले वर्ष

महाविद्यालये उघडली की आवारे गजबजून जातात. ज्या गजबजाटात इतर मुले रमतात, तोच एखाद्या स्वमग्न विद्यार्थ्याला असह्य होतो. कर्कश घंटा, लुकलुकणारी दिव्याची नळी आणि जिन्यावरील रेटारेटी सोसून वर्गात पोहोचेपर्यंतच तो थकलेला असतो. त्यात तास दुसऱ्या खोलीत हलविल्याची सूचना ऐनवेळी दिसली, की त्याने मनाशी बसविलेली दिवसाची घडी विस्कटते. प्राध्यापकांना दिसतो तो मात्र नजरेला नजर न देणारा, काहीसा उद्धट मुलगा.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. तेव्हापासून ती बालपणाचीच बाब समजली गेली. मुले मोठी होतात हे व्यवस्थेच्या ध्यानी फार उशिरा आले. आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत तिला स्थान दिले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांचीही तरतूद आहे.

परंतु परीक्षा चार दिवसांची. बरोबरीच्यांसारखे दिसण्यासाठी हसण्याबोलण्याची नक्कल करण्यात या मुलांचे उरलेले वर्ष जाते, आणि हा सततचा मुखवटा मनाला फार महाग पडतो. चिंता व नैराश्य यांचे प्रमाण स्वमग्न व्यक्तींत इतरांहून अधिक आढळते, ते काही अकारण नव्हे. मुलींच्या बाबतीत तर मूळ अवस्थाच पुष्कळदा उशिरा ओळखली जाते. तोवर ‘लाजाळू’ म्हणून त्यांची बोळवण झालेली असते.

वाजवी सोयी नाकारणे हा भेदभावच होय, असे २०१६ चा कायदा सांगतो. या सोयींना फारसा खर्चही लागत नाही. वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी लेखी कळविणे, तोंडी परीक्षेचे प्रश्न सरळ शब्दांत विचारणे, ग्रंथालयाचा एखादा शांत कोपरा मोकळा ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. तथापि प्रवेशाच्या वेळी दिलेले प्रमाणपत्र बहुधा कार्यालयातील कपाटात जाऊन बसते. विद्यार्थ्याच्या संमतीने त्यातील आवश्यक तेवढी माहिती शिकविणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे काम लिपिकाच्या एका टिपणाने होण्यासारखे आहे.