गाडीचे गिअर ऑईल डब्यावरचे वाचूनच घ्या

आपल्या कष्टकरी कुटुंबांच्या दारात आता चारचाकी उभी राहू लागली आहे. कुणी कर्ज काढून इको घेतली, कुणी जुनी बोलेरो घेतली, कुणाच्या भावाने टेम्पो घेतला. ही गाडी मिरवण्यासाठी नसते, तिच्यावर घर चालते. तिच्या इंजिन ऑईलची काळजी सगळेच घेतात. गिअरबॉक्सच्या तेलाची आठवण मात्र गिअर अडकू लागला की मगच होते. तोपर्यंत खर्च हाताबाहेर गेलेला असतो. म्हणून या तेलाविषयी चार गोष्टी आम्ही येथे सांगत आहोत.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण घेऊ. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरून वाडेगव्हाण फाट्याने आत गेले की हे गाव लागते. या भागातील गाड्या कशा चालतात ते पाहा. सुपा आणि रांजणगावच्या एमआयडीसीकडे माणसे न्यायची, पारनेर-शिरूरला माल पोचवायचा, फाट्याफाट्यावर थांबायचे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघालेल्या गाड्या तर याच रस्त्यावर भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकतात. अशा चालण्यात गिअरबॉक्स आणि क्लच यांच्यावर फार ताण पडतो. राळेगणचे अण्णा हजारे सैन्यात ट्रकचालक होते. लष्करात गाडीची देखभाल लेखी वेळापत्रकाप्रमाणे होते. आपल्या एकुलत्या एका गाडीलाही तीच शिस्त हवी.

हे तेल काय करते? दोन चक्रांचे दाते एकमेकांवर दाबले जातात, तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो. त्यामुळे लोखंड लोखंडावर घासत नाही, उष्णता वाहून जाते आणि गंज धरत नाही. पण गिअर बदलताना आतल्या पितळी रिंगांना थोडे घर्षणही लागते. तेल फार निसरडे झाले तर गिअर पडताना कर्रकर्र वाजतो. म्हणजे जास्त भारी तेल हे जास्त चांगले असतेच असे नाही.

हाताने गिअर टाकायच्या गाडीसाठी डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली जाडी : ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० असे आकडे असतात. हे माप इंजिन ऑईलच्या मापापेक्षा वेगळे आहे. आकडा मोठा दिसला म्हणून ते तेल इंजिन ऑईलच्या दुप्पट जाड आहे असे समजू नये. दुसरी प्रत : जीएल-४ किंवा जीएल-५. बहुतेक साध्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेले असते. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये अधिक असतात. मागच्या चाकांकडच्या डिफरन्शियलला, ज्याला गॅरेजात क्राऊन म्हणतात, ते योग्य असते. पण काही जीएल-५ तेले पितळी रिंगांना मानवत नाहीत. बोलेरो-इकोसारख्या मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्राऊन वेगवेगळे असतात. तेव्हा दोन्हींत एकच तेल ओतण्यापूर्वी पुस्तिका पाहावी.

ऑटोमॅटिक गाडीचे तेल निराळे. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईलपासून पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर आले. त्यात तेल नुसते वंगण नसते. त्याच्या दाबावर गिअर बदलतात, आणि त्याच तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांना पकडही यावी लागते. त्याचा लाल रंग गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो. लाल आहे म्हणून चालेल, हा समज खोटा आहे. सीव्हीटी प्रकारच्या गाडीत पट्टा पुलीला पकडून चालतो, त्याला सीव्हीटीचेच तेल लागते. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेली एएमटी मात्र मुळात साधाच गिअरबॉक्स आहे. तिच्या गिअरबॉक्सला साध्या गिअरचे तेल लागते, आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे तेल वेगळे असते.

मोटारसायकलवाल्यांनीही लक्ष द्यावे. बहुतेक फोरस्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात. त्यात कारचे तेल घातले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ अशी खूण पाहावी. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर बऱ्याच ठिकाणी गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांना मिळून एकच तेल असते. तेल चुकले तर तिन्ही बिघडतात.

आता हिशेबाचे पाहू. योग्य तेल आणि सुटे तेल यांतला फरक काही शे रुपयांचा असतो. गिअरबॉक्स खोलावा लागला तर मिस्त्रीची मजुरी, सुटे भाग आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांची बुडालेली कमाई, तिन्ही भरावे लागते. त्या दिवसांत बँकेचा हप्ता थांबत नाही. तेव्हा सीलबंद डबाच घ्यावा, तो आपल्यासमोर फोडावा आणि पावती मागावी. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय घातले याचा भरवसा धरू नये. जुने तेल काढून योग्य तेल भरून घ्यावे. मिस्त्रीला सांगावे, की आधी भरण्याचा वरचा नट सैल कर आणि मगच खालचा काढ. वरचा नट निघालाच नाही तर गाडी तेलाविना अडकून पडते. तेल जास्तही भरू नये. त्याला फेस येतो आणि ते सीलमधून बाहेर पडते.

काढलेले तेल नीट पाहावे. दुधासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. करपट वास येत असेल तर ते तापून खराब झाले आहे. नटाच्या चुंबकावर बारीक करडा लगदा दिसणे साधारण असते, पण लोखंडाचे तुकडे दिसले तर लगेच तपासणी करावी.

हे जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ज्या राळेगणने नालाबांध घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवले, तेथेच काय, कोणत्याही गावात मुरणाऱ्या पाण्यात तेल मिसळणे म्हणजे आपल्याच घागरीत ते ओतणे होय. तेल डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे.

शेवटी एक काम घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींवर सोपवावे. गाडीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती त्यांनी वाचावी आणि गिअर ऑईलचे नाव, जाडी, प्रत, किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर बदलायचे, एवढे मराठीत एका वहीत उतरवावे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात मॉडेल आणि वर्ष सांगून विचारावे. गाडी कायम भरून चालत असेल तर तेल कधी बदलायचे, तेही तेथेच विचारावे. दर वेळी तेल बदलल्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. दुकानात जाताना ही वही बरोबर न्यावी आणि डब्यावरचे तिच्याशी ताडून मगच पैसे द्यावेत.