मनीऑर्डर आणि भाकऱ्या
यंदाच्या ९ ऑगस्टला गावात फलक लागला. पुढाऱ्यांचे फोटो हातभर, कोपऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील टपाल तिकिटाएवढे. वर एका तरण्या वक्त्याने ठणकावलं, की बेचाळीसला फौजेत होते ते इंग्रजांचे चाकर. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने चिडू नये म्हणतात. मी चिडलो.

मंडालेहून सुटलेले टिळक, १९१६ ची होमरूल, पुढचे ठराव नि परिषदा हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातलं. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कुणाला न विचारता देश युद्धात ओढला, प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आमच्या कृष्णाकाठी ते युद्ध पोचलं रॉकेलच्या टंचाईतून.

तात्या, म्हणजे थोरले चुलते, मराठा पलटणीबरोबर इटलीत. धाकटे आबा नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, भूमिगत. तात्यांची मनीऑर्डर आली की आजी जोंधळा भरायची. रात्री त्याच्याच भाकऱ्या, वर मिरचीचा ठेचा, फडक्यात बांधून मला उसाच्या फडात धाडायची. सरकारच्या पगारावर सरकार उलथणारी माणसं जेवत होती! आजीचा हिशेब साधा होता: दोन्ही पोरं तिचीच.

सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज, इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या चालल्या आणि निःशस्त्र मोर्च्यांवरचा पुष्कळांचा भरवसा उडाला. जून १९४३ मध्ये शेणोलीला पगाराची गाडी लुटली गेली. शहरातल्या लोकांना प्रतिसरकार, म्हणजे त्यांचं ‘पत्री सरकार’, म्हटलं की तळपायाला ठोकलेले पत्रे तेवढे आठवतात. मला आठवतो चावडीऐवजी आंब्याखाली, न्यायदान मंडळापुढे मिटलेला बांधाचा तंटा. आत्याचं गांधी-लग्नही आठवतं: हुंडा नाही, वाजंत्री नाही, सुताचे दोन हार. आज त्याच घरात लग्नाला ड्रोन फिरतो.

१९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट वाटले गेले. पोलिसांना फडाची वाट दाखवणारा एक इसमही तो मिरवत आला. नाव लिहीत नाही, नातवंडं शेजारी राहतात. आबांनी अर्जच केला नाही.

तात्या १९४६ ला परतले. त्यांचा फौजी ओव्हरकोट पुढे वीस वर्षं आबांनी रानात राखणीला वापरला. पितळी बटणांवरचे मुकुट तेवढे त्यांनी विळ्याने खरवडून काढले होते.